उलटी बाजू

आमच्या बाईंच्या हाताखाली ज्याने नोकरी केली, त्याला पुढे आयुष्यभर कुणाशीच धड भांडता येत नाही. बायकोशी नाही, शेजाऱ्याशी नाही, आणि बडनेरा स्टेशनावरच्या ऑटोवाल्याशी तर नाहीच नाही. भांडणाला तोंड लागतं, आवाज चढतो, आता दोन जड शब्द टाकायचे एवढ्यात आतून कुणीतरी विचारतं, 'त्याचं काय म्हननं असन बरं?' आणि तिथेच सगळं संपतं. ऑटोवाला मागेल ते भाडं देऊन माणूस मुकाट घरी येतो. हे मी स्वानुभवाने सांगतो आहे. माझ्याबरोबर त्या ऑफिसात ज्यांनी खुर्च्या झिजवल्या, त्यांतल्या एकालाही भांडखोर म्हणून नाव काढता आलेलं नाही. वऱ्हाडात याला व्यंग समजतात.

आमची संस्था म्हणजे वकिलांची शाळा. हे सांगितलं की लोक विचारतात, म्हणजे लॉ कॉलेज का? नव्हे. कॉलेज संपवून, सनद घेऊन, काळा कोट चढवून जे कामाला लागले, त्यांना अधूनमधून परत बाकावर बसवायचं आणि कायद्यात काय बदललं ते सांगायचं, हा आमचा उद्योग. काही ज्येष्ठ वकिलांनी मिळून ट्रस्ट काढला आणि तो सुरू केला. मुख्य ऑफिस अमरावतीला, शाखा अकोल्याला, आणि दोन्हींच्या संचालक आमच्या बाई. व्याख्याते गाठायचे, विषय ठरवायचे, हे माझं काम. माझ्याकडे सनद होती, पण वकिली चालली नाही. ती का चालली नाही याबद्दल माझं एक मत आहे आणि सासऱ्यांचं दुसरं. बाई मात्र मला शेवटपर्यंत 'वकील' म्हणत आल्या, आणि त्यात टोमणा कधीच नसायचा.

पत्रव्यवहार पाहायला वानखडे बाबू होते. उभा जन्म न्यायालयात कारकुनी करून निवृत्त झालेले. त्यांना साधं मराठी येत नसे असं नाही, पण ते कागदावर उतरत नसे. वर्गाचं निमंत्रण त्यांनी लिहिलं की त्यात हमखास असे, 'सदर दिवशी आपण हजर न राहिल्यास आपल्या गैरहजेरीत व्याख्यान चालवून संपविण्यात येईल.' हे वाचून दर्यापूरचे एक वयस्क वकील धावतपळत आले आणि दुसऱ्या एकांनी रीतसर अर्ज पाठवून मुदत मागितली. मी बाईंकडे तक्रार घेऊन गेलो की हे असं चालणार नाही, लोक हसतात. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "बरोबर हाय तुहं. आता उलटी बाजू मांड."

तो माझा पहिला महिना होता, त्यामुळे मला कळलं नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. या ऑफिसात ज्याला कुणाविरुद्ध काही म्हणायचं असेल, त्याने आधी त्या माणसाची वकिली करायची. मनापासून करायची, पाट्या टाकायच्या नाहीत. ती बाईंना पटली, की मग आपली बाजू. मी दहा मिनिटं वानखडे बाबूंच्या वतीने बोललो. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की वकील लोक कुठल्याच निमंत्रणाला भीक घालत नाहीत, तारखेला मात्र घालतात, आणि वानखडे बाबूंच्या पत्राने हॉल भरतो. माझी स्वतःची बाजू मांडायची वेळ आली तेव्हा माझ्यापाशी काहीच शिल्लक नव्हतं. बाईंनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला आणि मी चहा घ्यायला गेलो.

हा 'उलटी' शब्द आमच्याकडे इतका रुळला की बाई पुढे पुढे पूर्ण वाक्यसुद्धा बोलत नसत. कुणी तावातावाने आत शिरलं की नुसतं विचारत, "उलटी?" एकदा रिसेप्शनवर नव्याने लागलेली मुलगी पंख्याच्या भांडणावरून रडवेली होऊन आत गेली आणि बाईंचा हा प्रश्न ऐकून म्हणाली, "नाही बाई, नुसतं डोकं दुखून राहिलं." बाईंनी तिला घरी पाठवलं, वर लिंबूसरबताचे पैसे दिले. दुसऱ्या दिवशी तिला नियम समजला. तेव्हापासून ती पंख्याखाली बसेनाशी झाली.

बाई मूळच्या अंजनगाव सुर्जीच्या. कडक इस्त्रीची सुती साडी, उजव्या मनगटावर पुरुषी घड्याळ, पर्समध्ये भाजलेले हरभरे. न्यायाधीशांशीही त्या त्याच बोलीत बोलत ज्या बोलीत शिपायाशी. त्यांची वकिली एके काळी बरी चालायची असं जुने लोक सांगतात, पण भर कोर्टात त्यांना समोरच्याचं म्हणणं पटू लागलं आणि धंदा बसला. एका फारकतीच्या खटल्यात त्या उलटतपासणीला उभ्या राहिल्या आणि समोरच्या बाईला म्हणाल्या, "हे तं बरोबरच हाय तुमचं." त्यांच्या पक्षकाराने बाहेर आल्यावर विचारलं, "बाई, फी मी देऊन राहिलो का ते?" आणि फाइल काढून घेतली. हा किस्सा बाई स्वतःच सांगत, आणि सांगून झाल्यावर त्या पक्षकाराचंही कसं बरोबर होतं ते सांगत.

त्यांची स्कूटरही याच तत्त्वावर चाले. राजकमल चौकात त्या उभ्या राहिल्या की डावीकडून येणाऱ्याला जाऊ देत, कारण त्यालाही काम असेल. मग उजवीकडच्याला. मग समोरच्याला, कारण त्याने बिचाऱ्याने केव्हाचा ब्रेक दाबला आहे. एकदा ट्रॅफिकचा हवालदार हात जोडून पुढे आला आणि म्हणाला, "बाई, तुमी जा ना एकदाच्या." त्यावर बाईंनी त्याला सांगितलं की भाऊ, तुहं बी बरोबर हाय. ऑफिसला त्या सगळ्यांच्या नंतर पोचत, आणि पोचल्यावर उशिरा आलेल्या कुणालाही बोलत नसत.

सुट्टी मागणं हा तर एक सोहळाच असे. सुट्टी का देऊ नये, हे मागणाऱ्याने सांगायचं. अचलपूरला माझ्या मेहुणीचं लग्न होतं. मी अर्ज घेऊन गेलो आणि रीतीप्रमाणे स्वतःच्या विरोधात उभा राहिलो. त्याच आठवड्यात नव्या फौजदारी कायद्यांवर मोठा वर्ग होता, व्याख्याते नागपूरहून येणार होते, त्यांना मीच ओळखत होतो, आणि मेहुणीला नवरा मिळतच होता, माझ्या असण्यानसण्याने त्यात फरक पडत नव्हता. मी इतका सुंदर बोललो की माझं मलाच पटलं. बाई म्हणत होत्या, "अबे जा नं, कोनी थांबवलं?" पण मी गेलो नाही. घरी बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जिंकले ना केस? मग आता केसच जेवा." त्या रात्री मी खरोखर पोहे करून खाल्ले.

अकोल्याची शाखा रफिकभाई सांभाळत. सांभाळत म्हणजे हॉलचं कुलूप उघडण्यापासून माइक लावण्यापर्यंत आणि नाश्त्याच्या कचोऱ्या सांगण्यापासून वकिलांना फोन करण्यापर्यंत सगळं. बाळापूरला त्यांचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. लग्न, उरूस, गणपती, निवडणूक, सगळ्याला रफिकभाईंचे भोंगे. बाईंनी अकोल्यात पहिला वर्ग घेतला तेव्हा आवाजाची व्यवस्था त्यांच्याकडे होती. त्यांनी माइक तर चालू ठेवलाच, पण मागच्या रांगेत गप्पा मारणाऱ्या दोन ज्येष्ठ वकिलांच्या मध्ये खुर्ची टाकून वर्ग संपेपर्यंत बसून राहिले. बाईंना हे फार आवडलं. त्या म्हणाल्या, "रफिकभाई, दुकान करा बंद अन् या माह्यासोबत." आणि रफिकभाईंनी खरोखरच दुकान भावाच्या हवाली केलं, बायकामुलांसह अकोल्यात भाड्याच्या घरात राहायला आले आणि शाखेचे झाले.

रफिकभाई आणि वानखडे बाबू यांचं कूलरवरून जे भांडण झालं ते आमच्याकडे अजून सांगतात. उन्हाळा तोंडावर होता. संस्थेचे दोन मोठे कूलर, दोन्ही अमरावतीत. रफिकभाईंनी एक मागितला, वानखडे बाबूंनी 'मागणी नामंजूर' असा शेरा मारून कागद परत धाडला. रफिकभाई एसटीने तडक अमरावतीला आले. बाईंनी दोघांना समोरासमोर बसवलं. वानखडे बाबूंनी अकोल्याची बाजू मांडायची, रफिकभाईंनी अमरावतीची. वानखडे बाबूंनी आयुष्यभर दुसऱ्यांचे युक्तिवाद ऐकले होते, स्वतः करायची ही पहिलीच संधी. ते उठून उभे राहिले. अकोल्याचं ऊन त्यांनी असं काही उभं केलं, की भर पंख्याखाली आम्हाला घाम फुटला. डोक्याला दुपट्टा बांधून व्याख्यान देणारे न्यायाधीश, खुर्चीला चिकटलेले वकील, उकळून निघालेला माठ. शेवटी त्यांचा स्वतःचा आवाज भरून आला. मग रफिकभाई उठले. म्हणाले, "अमरावतीचे वकीलसाहेब नाजूक हायेत जी. आमच्या इकडच्याईची कातडी करपून गेली, त्यायले काही होत नाई. यायले सवय नाई. एखादे साहेब पडले तं संस्थेचं नाव खराब होईन."

झालं असं, की दोघंही पटवून घेऊन बसले. वानखडे बाबू म्हणू लागले कूलर अकोल्याला न्याच, आणि रफिकभाई हात लावायला तयार नाहीत. कूलर ऑफिसच्या व्हरांड्यात पडून राहिला, येणारे-जाणारे त्याला अडखळू लागले. अखेर मीच एका टेम्पोवाल्याला सांगून तो अकोल्याला पाठवून दिला. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पाह्य बरं, भांडन नाईच झालं." कूलर कुठे गेला हे त्यांनी विचारलंच नाही.

आता वकील हा विद्यार्थी म्हणून कसा असतो हे ज्याने पाहिलं नाही त्याला बाईंचं मोठेपण कळणार नाही. वकील वेळेवर येत नाही, आला तर मागे बसतो, बसला तर व्याख्यात्याला हरकत घेतो, आणि सही केल्याबरोबर त्याची केस पुकारली जाते. फौजदारी कायदे बदलले तेव्हा मात्र सगळ्यांची तारांबळ उडाली. ज्यांनी उभी हयात चारशेवीस आणि तीनशेदोनवर काढली, त्यांना एका सकाळी सांगितलं गेलं की हे आकडे आता चालणार नाहीत. तेल्हाऱ्याचे एक म्हातारे वकील अकोल्याच्या वर्गात उभे राहून म्हणाले, "आता लबाड मानसाले मी म्हनू काय?" हॉल हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्या वकिलांना पुढच्या रांगेत बोलावून शेजारी बसवलं, आणि तो वर्ग संपेपर्यंत जुन्या कलमासमोर नवं कलम त्यांच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहून दिलं. पुढच्या वेळी ते म्हातारे वकील आणखी दोन म्हाताऱ्यांना घेऊन आले. रफिकभाई त्यांना बसस्टँडवरून आणायला जात आणि परत सोडून येत. अकोल्याचा वर्ग असा वाढत गेला. तो गाजावाजा करण्यासारखा कधीच नव्हता, पण होता.

आणि मग ट्रस्टला नवे अध्यक्ष आले. दिवाणीतले नामांकित वकील, बोलणं मोजकं, माणूस वाईट नाही. त्यांचं म्हणणं असं, की आता व्याख्यानं मोबाइलवर दिसतात, तेव्हा अकोल्याचा हॉल, त्याचं भाडं आणि तिथला माणूस कशाला हवा? शाखा बंद करावी. तिथला माणूस म्हणजे रफिकभाई. त्यांनी पन्नाशी ओलांडली होती, दुकान भावाने केव्हाच स्वतःच्या नावावर चालवायला घेतलं होतं, आणि वकिलांना गोळा करून बाकावर बसवणं हे काम जगात दुसरीकडे कुठेच मिळत नाही. रफिकभाईंनी बाईंना फोन केला. बाई म्हणाल्या, "तुमी काळजी नका करू. मी हाओ नं." ट्रस्टच्या बैठकीत अकोल्याच्या वतीने बाई बोलणार असं ठरलं. आम्ही सगळे निर्धास्त झालो, आणि तिथेच चुकलो.

बैठकीला मी टिपणं घ्यायला होतो. बाई उभ्या राहिल्या आणि सवयीने त्यांनी आधी उलटी बाजू घेतली. समोरच्याचं घर आधी आपण नीट बांधून द्यावं आणि मग पाडावं, असं त्यांचं म्हणणं असे. त्या दिवशी त्यांनी ते घर पायापासून बांधलं. बाळापूरच्या, तेल्हाऱ्याच्या वकिलाने उन्हातान्हात एसटीने अकोल्याला काहून यावं? मोबाइलवरचं व्याख्यान थांबवता येतं, परत ऐकता येतं, हॉलमधल्या न्यायाधीशांना थांबवायची कुणाची छाती आहे? निम्मे वकील कचोरी खाऊन निघून जातात, हे अध्यक्षांना माहीत नव्हतं, तेही बाईंनी सांगितलं. हॉलचं छत गळतं, हेही सांगितलं. अध्यक्ष मान डोलावत होते. विश्वस्त एकमेकांकडे पाहू लागले. त्यांच्या मनात जे धूसर होतं ते बाईंनी लख्ख करून दिलं. घर बांधून झालं, वास्तुशांतही झाली. आता बाई पाणी प्यायला थांबल्या.

नेमकं त्याच वेळी दोघा विश्वस्तांच्या केसेस पुकारल्याचे फोन आले आणि ते उठले. त्यांच्यामागे तिसरे उठले. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहून म्हटलं, "बाईंनी सगळे मुद्दे उत्तम मांडले आहेत. आणखी चर्चेची गरज दिसत नाही. शाखा बंद करण्याचा ठराव सर्वानुमते." बाईंच्या हातात पेला तसाच होता. त्या म्हणाल्या, "आवो, आता तं कुठं सुरू केलं मी." पण तोवर खोलीत मी आणि त्या दोघंच उरलो होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने अकोल्याला गेलो. मी म्हटलं होतं फोनवर सांगू, बाई म्हणाल्या, तोंडावर सांगायचं. रफिकभाई हॉलमध्ये खुर्च्या पुसत होते. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा मागवला. बाईंनी काहीही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, आपण काय बोललो तेही, शब्दाला शब्द. रफिकभाईंनी हातातलं फडकं घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवलं. ते रागावलेले दिसत नव्हते. म्हणाले, "बाई, तुमी सगळ्याईची उलटी बाजू मांडता. अध्यक्षसाहेबांची बी मांडली. चांगलंच केलं. पन माही सुलटी बाजू मांडाले कोन होतं तिथं?"

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि परत डोळ्यांवर घेतला. "मी तुमच्या भरोशावर दुकान सोडलं होतं," रफिकभाई पुढे म्हणाले, तेवढंच, आणि चहाचे कप उचलायला लागले. मला त्या क्षणी दोघांचीही दया आली आणि दोघांचाही राग आला, आणि दोन्ही भावना सारख्याच निरुपयोगी होत्या.

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर येईपर्यंत बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. मग म्हणाल्या, "वकील, रफिकभाई बरोबर बोलले." मी सवयीने म्हटलं, "हो, पण बाई, तुमच्या बाजूने पाहिलं तर..." "चूप बस," बाई म्हणाल्या. त्यांनी कुणालाही गप्प बसायला सांगितल्याचं माझ्या तरी ऐकिवात नव्हतं. मी गप्प बसलो.

सकाळी बाई कोर्ट भरायच्या आत अध्यक्षांच्या चेंबरमध्ये गेल्या. मला सोबत नेलं, कदाचित साक्षीदार म्हणून. अध्यक्षांनी बसा म्हटलं. बाई बसल्या नाहीत.

"अकोला बंद नाई होत," त्या म्हणाल्या.

"ठराव झाला आहे, बाई. पुनर्विचारासाठी काही नवा मुद्दा आहे का?"

"मुद्दा नाई जी."

"मग कारण?"

"कारन बी नाई. अकोला बंद नाई होत. रफिकभाई तिथंच राह्यतीन."

अध्यक्षांनी खुर्ची मागे सरकवली. "पण परवा तुम्हीच म्हणालात..."

"म्हनलं. अन् त्यातलं खोटं एक अक्षर नाई. तरी बंद नाई होत. बंद करसान तं माही बी खुर्ची उचला."

अध्यक्ष माझ्याकडे पाहू लागले. मी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहिलं. बिचारे मुद्द्याची वाट पाहत होते. मुद्दा आला असता तर त्यांनी तो खोडून काढला असता, तोच त्यांचा धंदा होता. हट्टाला काय उत्तर द्यायचं हे त्यांना कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नव्हतं. आणि बाईंनी आजवर कधी हट्ट केलेला नसल्यामुळे तो कितपत खरा आहे याचाही त्यांना अंदाज येईना. मग त्यांनी बेल वाजवून चहा मागवला, आणि मला कळलं की अकोला राहिलं.

पुढच्या बैठकीत ठराव मागे घेतला गेला. वानखडे बाबूंनी त्याची नोंद 'अकोला शाखा पुढील आदेशापावेतो पूर्ववत चालू राहील' अशी केली, आणि तो पुढील आदेश अजून निघालेला नाही. रफिकभाईंचा फोन आला. बाईंनी फोन कानापासून जरा लांब धरला होता, त्यामुळे मलाही ऐकू आलं. "बाई, मी त्या दिवशी जास्तच बोललो." बाई म्हणाल्या, "नाई. जेवढं पाह्यजे होतं तेवढंच बोलले." त्यानंतर दोघं हॉलच्या गळक्या छताबद्दल बोलत राहिले. छत त्या वर्षी दुरुस्त झालं, आणि तेल्हाऱ्याचे म्हातारे वकील आता त्याखाली पहिल्या रांगेत झोपतात.

खरं तर गोष्ट इथे चांगली संपते. अकोला राहिलं, रफिकभाई राहिले, बाईंचा मान वाढला. वकील लोकांत तर फारच वाढला, कारण बाईंनी अध्यक्षांना नमवलं एवढंच त्यांच्यापर्यंत पोचलं. फक्त ऑफिसात एक बारीकसा फरक झाला, तो यायला वेळ लागला आणि माझ्या लक्षात यायला त्याहून जास्त. बाई भराभर निर्णय देऊ लागल्या. कुणी तक्रार घेऊन गेलं की त्या ऐकून घेत आणि म्हणत, "बरं. पाह्यते मी." आणि पाहत. कामं वेळेवर होऊ लागली. सुट्ट्यांचे अर्ज दोन मिनिटांत मंजूर किंवा नामंजूर. रिसेप्शनवरची मुलगी पंख्याखाली बसू लागली. पाहुणे म्हणाले, संस्थेला शिस्त आली. आम्हीही सुरुवातीला खूश होतो.

बाईंची निवृत्ती जवळ आली होती, तेव्हाची गोष्ट. वानखडे बाबूंनी एका मोठ्या व्याख्यात्यांच्या निमंत्रणपत्रात त्यांच्या नावापुढे 'प्रतिवादी' असं टाइप केलं होतं, आणि पत्र गेलंही होतं. व्याख्यात्यांनी मला फोनवर झापलं. मी तसाच तणतणत बाईंच्या खोलीत गेलो आणि बोलायचं ते सगळं बोलून टाकलं. मग उभा राहिलो. बाई काहीतरी विचारतील म्हणून उभाच राहिलो. बाई म्हणाल्या, "तुहं बरोबर हाय. बोलते मी त्यायले." त्यांनी वानखडे बाबूंना आत बोलावलं. दार लोटलेलं होतं, तरी बाईंचा आवाज बाहेर आला. तो आवाज चढलेला नव्हता, पण एकाच दिशेने जात होता. वानखडे बाबू बाहेर आले ते कुणाकडे न पाहता जागेवर जाऊन बसले.

वानखडे बाबूंच्या चष्म्याचा नंबर वाढला होता. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता, मुलगा पुण्याला, दवाखान्यात न्यायला कुणी नव्हतं, आणि ते पत्र त्यांनी मी घाई केली म्हणून भरून आलेल्या दुपारी, लाइन गेलेली असताना, खिडकीशी वाचून तपासलं होतं. हे सगळं मला माहीत होतं. माझ्याकडे ते तयार होतं, एकाखाली एक, शेवटी डोळ्यांत पाणी आणील अशा क्रमाने. मी उठून बाईंच्या दारापर्यंत गेलोही. त्या फोनवर रफिकभाईंशी पुढच्या वर्गाबद्दल बोलत होत्या, आणि त्यांनी हातानेच विचारलं, काय? मी मान हलवली, काही नाही, आणि परत आलो.

त्या दुपारी वानखडे बाबूंनी आपला डबा एकट्याने खाल्ला. माझाही मी एकट्याने खाल्ला. मी भांडण जिंकलो होतो, त्या ऑफिसात पहिल्यांदाच, आणि त्याचं करायचं काय असतं ते मला ठाऊक नव्हतं.